पामचे पान दुरंगी आहे की उपाशी, हे कसे ओळखावे

मराठवाड्यातल्या अंगणांत पामच्या पानावर पिवळेपणा दिसला की तो अन्नद्रव्यांच्या कमतरतेचा, म्हणजे उपाशीपणाचा असला तरी कोणी त्याला हौसेने ‘व्हेरिगेटेड’ (निसर्गतः दुरंगी) म्हणतो, तर कोणी खऱ्या दुरंगी झाडालाच खत घालत राहतो. दोन्हींत हाल झाडाचे होतात, म्हणून खत देण्यापूर्वी झाड नीट न्याहाळावे.

आधी पानाचे वय पाहावे. पामला नवे पान फक्त शेंड्यातून येते, त्यामुळे सर्वांत खालचे पान सर्वांत जुने असते. पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम कमी पडले की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्यांना पुरवते, म्हणून त्यांची लक्षणे खालून सुरू होतात. मॅग्नेशियमच्या कमतरतेत पानाच्या कडेने रुंद पिवळा पट्टा येतो आणि मध्यभाग हिरवा राहतो. पालाशच्या कमतरतेत पिवळे-नारिंगी ठिपके पडतात आणि पान उन्हासमोर धरले तर त्यांतून उजेड झिरपतो. लोहाचे मात्र उलटे आहे: शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. आपल्याकडे लोहाचीच शंका आधी घ्यावी, कारण चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही, आणि बोअरच्या क्षारयुक्त जड पाण्यामुळे कुंडीतल्या मातीचीही हळूहळू तीच गत होते.

व्हेरिगेशनची, म्हणजे दुरंगीपणाची, खूण पट्ट्याच्या कडेत असते. दुरंगी रॅपिस पामच्या पानावरचे पांढरट पट्टे बुडापासून टोकाकडे शिरांच्या रेषेत सरळ जातात, हिरव्याला लागून त्यांची कड पट्टीने आखल्यासारखी असते, आणि पान उलगडतानाच ते त्यावर असतात. उपाशी पानाचा पिवळा रंग हिरव्यात विरत जातो आणि महिन्यागणिक पसरतो. उन्हाळ्यात दुरंगी पानाचा पांढरा भाग लवकर करपतो, त्याला मात्र पालाशची कमतरता समजू नये. अरेका पामचे पिवळे देठही निसर्गतःच तसे असतात.

मी एकदा ‘व्हेरिगेटेड’ म्हणून दुप्पट किमतीला अरेका घेतला होता. शंका आली तेव्हा न उलगडलेल्या कोंबाला लाल दोरा बांधला आणि चुनखडीच्या मातीतही टिकणारे ईडीडीएचए चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल अशा रूपातले लोहखत) मुळाशी दिले. दोऱ्याच्या वरची पुढची पाने हिरवीगार निघाली. खरे व्हेरिगेशन खताने असे पुसले जात नाही.

पालाश कमी पडल्याने ठिपके आलेली पाने पुन्हा हिरवी होत नाहीत. तरी ती पूर्ण वाळेपर्यंत कापू नयेत, कारण नवे पान त्यांच्यातलाच पालाश घेत असते.