नवा पु-अर आणि मुरलेला पु-अर, शेजारी शेजारी ठेवून कसा चाखायचा

आधी एक गोष्ट क्लिअर करून घेऊ, कारण गल्लत इथेच होते आणि माझी तर वर्षभर होत होती. पु-अर हा चीनच्या युन्नान प्रांतातला चहा, आणि तो दोन प्रकारचा असतो, शंग आणि शोऊ. शंग म्हणजे कच्चा, पानं तोडून कढईत परतून, चोळून, उन्हात वाळवून मग वाफेवर मऊ करून दाबलेला, आणि तो वर्षानुवर्षं हळूहळू मुरत जातो. शोऊ म्हणजे ढीग घालून, वर पाणी मारून, झाकून दीड-दोन महिने मुद्दाम आंबवलेला. ही ढिगाची पद्धत १९७३ च्या सुमारास युन्नानमध्ये कुन्मिंगच्या चहा कारखान्यात बसवली गेली, कारण मुरलेल्या चहाला गिऱ्हाईक होतं आणि वीस वर्षं थांबायला कोणाला वेळ नव्हता. त्यामुळे मुरलेला शंग आणि शोऊ दोन्हीचा रंग गडद, पण गडद म्हणजे जुना असं नाही. मी हाँगकाँगला नोकरीसाठी आले तेव्हा डिमसमसोबत जो काळाभोर चहा यायचा (तिकडे त्याला पो-लेइ म्हणतात) तोच जुना पु-अर असं धरून चालले होते, आणि तो बहुतेक वेळा शोऊ असतो, काही वेळा तर अगदी हल्लीचा.

म्हणून नवा-जुना कम्पेअर करायचा तर शंगची शंगशी तुलना करा. शोऊ तिसरा म्हणून शेजारी ठेवा, स्पर्धेत नाही, फक्त ओळखीसाठी. तिन्ही एकदा एकत्र प्यायले की पुढे आयुष्यभर गोंधळ होत नाही हे मी खात्रीने सांगते.

काय घ्यायचं? पूर्ण केक (दाबलेल्या चहाची चकती) घेऊ नका, तो सहसा ३५७ ग्रॅमचा असतो आणि आवडला नाही तर पडून राहतो. २०-२५ ग्रॅमची सॅम्पल्स मिळतात ती घ्या. एक शंग १ ते ३ वर्षांचा, एक १५ वर्षांच्या पुढचा, आणि एक साधा शोऊ. जमलं तर दोन्ही शंग एकाच रेसिपीचे घ्या, म्हणजे पानांचा फरक बाजूला राहतो आणि फक्त वयाचा फरक कपात येतो. सगळ्यात सोपी रेसिपी ७५४२, युन्नानमधल्या शिश्वांगबान्नाच्या मंगहाय कारखान्याची, ती वर्षानुवर्षं निघत आलीय. आणि हा नंबर वाचायला शिकाच, कारण यावर लोक फसतात. ७५ म्हणजे रेसिपी १९७५ ची, ४ म्हणजे पानाची प्रत, २ म्हणजे मंगहाय कारखाना. गेल्या वर्षी बनवलेल्या केकवरसुद्धा ७५४२ च असतं. कोणी तुम्हाला "हा बघा पंचाहत्तरचा" म्हणून दाखवला तर शांतपणे ठेवून द्या. आणि कोणी साठच्या दशकातला शोऊ विकत असेल तर वर सांगितलेलं १९७३ साल आठवा.

भांडी जास्त लागत नाहीत. १०० मिलीचे दोन गायवान, म्हणजे झाकणाचे चिनी कप, दोन्ही पांढरे आणि दोन्ही सारखे. मातीची किटली नको, ती वास धरते आणि चव गोल करून दाखवते, रोज प्यायला छान पण परीक्षेला नाही. दोन काचेचे छोटे जग, त्यात चहा आधी ओतायचा म्हणजे कपात वरचा-खालचा फरक राहत नाही. पांढरे कप. आणि ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा, हा लागतोच. अंदाजाने चिमूट टाकाल तर तुलना संपली, कारण ५ ग्रॅम आणि ७ ग्रॅममध्ये कोवळा शंग दोन वेगळे चहा वाटावेत इतका बदलतो.

पाणी दोघांना एकाच केटलमधलं, खळखळ उकळलेलं. ग्रीन टीची सवय असलेले लोक नव्या शंगला ८० डिग्रीचं पाणी देतात, मग तो गोडगोड लागतो आणि त्याचे दोष लपतात. आपल्याला दोष बघायचेत. घरी आरओ असेल आणि टीडीएस (पाण्यातले क्षार) अगदीच कमी असेल तर चहा पोकळ लागतो, त्यापेक्षा साधं फिल्टरचं पाणी बरं.

वेळ सकाळी दहा-अकराची किंवा दुपारी चारची चांगली, जेवणानंतर लगेच नको आणि रिकाम्या पोटी तर अजिबात नको. नवा शंग रिकाम्या पोटी घेतला तर पोटात कालवतं, हात थरथरतात, आणि दोष चहाचा नसतो. आधी साधा ब्रेड किंवा दोन पोळ्या खा. कांदा, लसूण, पान, पेपरमिंट त्या दिवशी आधी नको, परफ्यूमही नको.

आता केक फोडायचा. सुईसारखी पु-अरची सळई मिळते, ती कडेने, थरांच्या मधून सारायची आणि हलवत थर सुटा करायचा, हाताच्या दिशेने जोर लावायचा नाही, घसरली तर तळव्यात जाते. वरून ठोकू नका, पानांचा चुरा होतो आणि चुऱ्यातून कडूपणा पटकन उतरतो. एका गायवानात अख्खी पानं आणि दुसऱ्यात चुरा असं झालं तर तुम्ही वय नाही, चुरा चाखताय. जुना चहा फोडल्यावर लगेच पिऊ नका, आठ-पंधरा दिवस मातीच्या बरणीत किंवा कागदी पिशवीत मोकळा राहू दे, कोंडलेला वास बराचसा निघून जातो.

५ ग्रॅम इकडे, ५ ग्रॅम तिकडे. उकळतं पाणी, पाच सेकंद, ओतून टाका. हे धुणं. जुन्याला दोनदा धुवा. आणि आता लगेच प्यायला जाऊ नका, झाकण उचला आणि ओल्या गरम पानांचा वास घ्या, माझ्या मते संपूर्ण टेस्टिंगमध्ये सगळ्यात जास्त माहिती या दहा सेकंदांत मिळते. नव्या शंगला हिरवा वास येतो, ताजं कापलेलं गवत, फुलं, कधी जर्दाळू, कधी धूर. जुन्याला लाकूड, कापूर, खारीक, आजीची ट्रंक उघडल्यावर येतो तसा कोरडा जुनेपणा. कापराचा वास हा काही माझा कल्पनाविलास नाही, चिनी लोक जुन्या पु-अरच्या वासाला स्वतःच "कापराचा सुगंध" म्हणतात, आणि आपल्याकडे भीमसेनी कापूर नाकात बसलेला असल्याने आपल्याला तो पटकन सापडतो. शोऊला ओल्या मातीचा, कुजलेल्या पालापाचोळ्याचा, जरासा बिटाचा वास येतो.

पहिली ओत (म्हणजे पाणी घालून चहा जगमध्ये ओतेपर्यंत) १० सेकंद, दुसरी १०, तिसरी १५, मग पाच-पाच सेकंद वाढवत जा. दोघांना घड्याळ एकच.

रंग बघा पण रंगावर निकाल देऊ नका. नवा पिवळा-सोनेरी, दहा-बारा वर्षांचा केशरी, वीसच्या पुढचा चांगला मुरलेला लालसर तपकिरी. यात महत्त्वाचं काय तर पारदर्शकता. कप उजेडाकडे धरला की चहा चमकला पाहिजे, गढूळ असेल तर साठवणीत काहीतरी बिघडलंय.

चव घेताना आवाज करत ओढून प्या, तोंडभर फिरवा, आणि तीन गोष्टी वेगवेगळ्या पकडायचा प्रयत्न करा, कारण आपण सगळ्याला मिळून "कडक" म्हणून मोकळे होतो. एक कडू, कारल्यासारखं, ते चव म्हणून येतं. दोन तुरट, कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ आकसते तसं, ती चव नाही, तो स्पर्श आहे. आणि तीन, हे दोन्ही किती वेळ टिकतात. नव्या शंगमध्ये कडू आणि तुरट दोन्ही असणारच, तो दोष नाही. प्रश्न एवढाच की ते विरघळतं का. चांगल्या नव्या शंगमध्ये घोट गिळला की कडूपणा अर्ध्या मिनिटात उतरतो आणि घशाकडून एक गोडवा वर येतो, याला चिनीत हुइ-गान म्हणतात, म्हणजे परत येणारा गोडवा. हे समजावून सांगायला बाकीच्या जगाला चार वाक्यं लागतात, आपल्याला एक पुरतं: आवळा खाऊन वर पाणी प्यायलं की ते पाणी गोड लागतं ना, तेच. वाईट नव्या शंगमध्ये कडूपणा जिभेवर चिकटून बसतो आणि जात नाही. असा चहा वीस वर्षं ठेवलात तरी चांगला होईल याची मला तरी आशा नसते.

मुरलेल्यात कडूपणाची धार गेलेली असते पण मागे सांगाडा उरलेला पाहिजे. हे खूप महत्त्वाचं आहे. जुना शंग नुसता मऊ, नुसता गोड, पाण्यासारखा सरळ असेल तर तो मुरला नाही, तो संपला. जाडी लागली पाहिजे, भाताच्या पेजेसारखं तोंडात भरीव वाटलं पाहिजे, आणि गिळल्यावर घशात खाली थंडावा किंवा गोडवा उतरत गेला पाहिजे. नवा चहा जास्त करून जिभेवर आणि गालांत बोलतो, जुना घशात. सुरुवातीला हे वाचून काहीच कळणार नाही, पण चौथ्या-पाचव्या ओतीला दोन्ही कप आलटून पालटून घ्या, मध्ये कोमट पाण्याचा घोट, मग कळतं.

पाचव्या ओतीला एक कठोर गोष्ट करा. दोन्ही गायवान पूर्ण ३ मिनिटं तसेच ठेवा. नवा शंग बहुतेक पिववणार नाही, आणि खरोखर मुरलेला शंग दाट होईल, गडद होईल, पण पिता येईल. कोणी सात-आठ वर्षांचा चहा वीस वर्षांचा म्हणून विकला असेल तर तो बहुधा इथे उघडा पडतो. शंकेच्या चहाला मी ही परीक्षा कधी चुकवत नाही.

आता साठवण, आणि खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप मला यासाठीच करावासा वाटतो. वय म्हणजे नुसती वर्षं नाहीत, वर्षं गुणिले हवा. कुन्मिंग उंचावर, कोरडं, तिथे पंधरा वर्षं पडलेला केक अजून सोनेरी आणि टोकदार असू शकतो. हाँगकाँग आणि शेजारच्या क्वांगतुंग प्रांताची हवा दमट आणि गरम, तिथे तोच केक तेवढ्याच वर्षांत लालसर आणि गोल होतो. त्यात हाँगकाँगच्या जुन्या व्यापाऱ्यांची एक पद्धत अशी की चहा आधी मुद्दाम दमट गोदामात ठेवायचा आणि मग कोरड्या जागी काढून वर्षानुवर्षं वारा द्यायचा. नीट केलं तर त्या चहात जुन्या वाड्याच्या माजघरासारखा एक वास येतो जो मला फार आवडतो. नीट नाही केलं तर बुरशी. फरक ओळखायची माझी रीत अशी: पहिल्या दोन ओतींना कोंदट वास चालेल, तिसऱ्या-चौथ्याला तो मागे सरला पाहिजे. सहाव्या ओतीलाही कोंदट असेल किंवा घसा खवखवला, खोकला आला, तर फेकून द्या, पैशाकडे बघू नका.

मी स्वतः इथल्या एका दुकानातून "नव्वदच्या दशकातला" म्हणून केक घेतला होता, बऱ्यापैकी महाग. रंग लालभडक, वास जुना, मी खूश. तीन महिन्यांनी खरोखरच्या जुन्या सॅम्पलशेजारी ठेवून प्यायले तेव्हा दुसऱ्याच घोटाला कळलं, माझ्यावाल्यात घसा नव्हताच, चौथ्या ओतीला रंग फिका, सातव्याला पाणी. एकटा पिताना तो मला आवडत होता. वाईट वाटलं, पण शेजारी ठेवल्याशिवाय चहा कळत नाही हे तिथे पटलं.

म्हणून शक्य असेल तर ब्लाइंड करा. घरातल्या कोणाला तरी सांगा, कपांखाली चिठ्ठ्या ठेव आणि जागा बदल. वय माहीत असताना जीभ आपोआप जुन्याच्या बाजूने बोलते. लिहून काढा, मोठी भाषा नको, "कडू, गेला लवकर, घसा गार" एवढं पुरे.

ओती मोजत राहा. चांगला शंग, नवा असो वा जुना, दहा-बारा ओती आरामात देतो. जुना बहुतेक हळू सुरू होतो आणि शेवटी नुसतं खारकेचं गोड पाणी देत राहतो, ती शेवटची पाणीदार ओत घाईने टाकून देऊ नका. रिकाम्या थंड कपाचा वासही घ्या, मधासारखा किंवा जुन्या साखरेसारखा वास तळाशी टिकून असेल तर छान.

सगळं झालं की पानं पांढऱ्या ताटलीत पसरा. नव्याची हिरवट-पिवळी, लवचिक. खऱ्या मुरलेल्याची तपकिरी किंवा लालसर, तरीही बोटांनी उलगडली की उलगडतात, ताणली की जरा ओढ देतात. शोऊची काळपट, चिमटीत धरली की लगदा होतो. आणि "जुना शंग" म्हणून घेतलेल्या चहात काळी, कडक, न उलगडणारी पानं बरीच दिसली तर त्याने गोदामात जास्तच पाणी आणि उष्णता खाल्लीय.

उरलेलं सॅम्पल मुंबई-कोकणात ठेवणार असाल तर जून ते सप्टेंबर जपा. दमट हवा मुरायला चांगली हे खरं, पण पावसाळ्यात कपड्यांच्या कपाटात ठेवलेल्या केकला पंधरा दिवसांत पांढरी बुरशी धरू शकते, आणि डांबरगोळ्यांचा वास लागला तर तो निघता निघत नाही. स्वच्छ मातीची बरणी, झाकण सैल, मसाल्याच्या फडताळापासून लांब, भिंतीला न टेकवता. चार-पाच दिवसांनी उघडून हुंगायचं. पुढच्या वर्षी त्याच नव्या शंगचे ५ ग्रॅम काढा, या वर्षीची चिठ्ठी शेजारी ठेवा, आणि परत प्या.