मिलचं झाकण लावण्याआधी: निकेल-अ‍ॅल्युमिनियम पावडरची तयारी

बॉल मिलमध्ये (फिरत्या भांड्यात गोळ्यांनी पावडर दळणारं यंत्र) दळलेली पावडर तापवल्यावर तिच्या उष्णतेचा आलेख कसा येणार, हे बरंचसं मिल सुरू होण्याआधीच ठरतं, म्हणून घाई नको. अणूंचं प्रमाण समसमान हवं असेल, तर वीस ग्रॅममध्ये निकेल 13.70 ग्रॅम आणि अ‍ॅल्युमिनियम 6.30 ग्रॅम घ्या. गोळ्यांचं वजन पावडरीच्या दहापट धरा. दहा मिलिमीटरचे स्टीलचे गोळे साधारण 49 लागतील. ते मोजून आणि तोलून घ्या, कारण नंतर कमी भरलेलं वजन म्हणजे पावडरीत उतरलेलं लोखंड. स्टीअरिक आम्ल 0.2 ग्रॅम पुरे. ते नसेल तर मऊ अ‍ॅल्युमिनियम गोळ्यांवर आणि भांड्याच्या भिंतीवर लिंपून बसतं. जास्त झालं तर पुढे तापवताना कार्बन सोडतं, शिवाय 69 अंशांजवळ ते वितळल्याची लहानशी खाच आलेखात दिसते. मला सुरुवातीला ती मिश्रधातूचीच वाटली होती!

भरणं आणि बंद करणं आरगॉनच्या ग्लोव्ह बॉक्समध्येच (हवाबंद पेटी, आत हातमोज्यांतून काम करायचं). झाकणाची रबरी कडी नखाने चाचपून पाहा, बारीकशी चीर असली तरी बदला. पंधरा मिनिटं चालवा, पंधरा मिनिटं थांबवा. नमुने एक, दोन, चार, आठ तासांनी काढा. फार वेळ चालवलं तर भांड्यातच एकाएकी निकेल अ‍ॅल्युमिनाइड (दोन्ही धातूंचं संयुग) तयार होऊन जातं आणि तापवून पाहण्यासारखं काही उरत नाही. भांडं पूर्ण गार झाल्यावरच आणि आरगॉनमध्येच उघडा. ताजी, बारीक झालेली पावडर हवेत पेट घेऊ शकते. कोरडी वाळू हाताशी असू द्या, पाणी मुळीच नको.

डीएससीसाठी (नमुना तापवताना तो किती उष्णता घेतो किंवा सोडतो, याचा आलेख काढणारी चाचणी) अ‍ॅल्युमिनियमची पॅन बाद, 660 अंशांना ती स्वतःच वितळते. अ‍ॅल्युमिनाची क्रुसिबल घ्या. यंत्र इंडियम (156.6) आणि झिंक (419.5) यांच्या वितळण्याच्या तापमानांवर पडताळून ठेवा. पाच-सात मिलिग्रॅम नमुना, वाहता आरगॉन, मिनिटाला वीस अंश, 700 अंशांपर्यंत. चांगली दळलेली पावडर अ‍ॅल्युमिनियम वितळण्याच्या बऱ्याच आधी उष्णता सोडू लागते, कारण दळताना बनलेले निकेल आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर इतके पातळ झालेले असतात की अणूंना फारसं अंतर कापावंच लागत नाही. तोच नमुना गार करून पुन्हा तापवा. शिखर गेलं तर ती अभिक्रिया होती. 660 ला खळगा उरला तर मोकळं अ‍ॅल्युमिनियम अजून शिल्लक आहे. प्रत्येक शिखरानंतर थांबवलेला एकेक नमुना एक्स-रे विवर्तनासाठी (कोणते स्फटिक तयार झाले ते ओळखायला) वेगळ्या डबीत, तास आणि तापमान लिहून ठेवा.