ओव्हनशिवाय, ग्लुटेनविना आणि कमी साखरेत खाऊचे गोळे कसे करावेत

खाऊच्या बहुतेक प्रकारांत मिश्रण बांधण्याचे काम गव्हातील ग्लुटेन (एक चिवट प्रथिन) किंवा साखरेचा पाक करतो. पथ्यामुळे दोन्ही वगळले की खरी अडचण चवीची नसून मिश्रण सुटण्याची असते, आणि ओव्हनची उष्णताही नसेल तर ते काम सुक्यामेव्यातील तेल, थोडा ओलावा आणि तंतुमय पदार्थ यांच्याकडूनच करून घ्यावे लागते.

प्रथम साहित्य तपासावे. ग्लुटेन गहू, बार्ली आणि राय या धान्यांत असते. माल्ट बहुधा बार्लीचेच असल्यामुळे वेष्टनावर तो शब्द दिसला तर ते पाकीट बाजूला ठेवावे. ओट्समध्ये शेतात किंवा गिरणीत गहू मिसळण्याची शक्यता असते आणि सीलिअॅक (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) असलेल्या काही थोड्या व्यक्तींना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत, म्हणून या कृतीत ते घेतलेले नाहीत. ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणजे प्रति किलो 20 मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन नसलेला पदार्थ. साखरेबद्दल हा शब्द काहीही सांगत नाही. भांड्यांत सर्वांत फसवी असते ती चाळणी, कारण तिच्या जाळीत अडकलेले पीठ कितीही धुतले तरी पूर्ण निघत नाही. ती वेगळीच ठेवावी, लाकडी चमच्यांनाही हाच नियम लावावा.

चौदा गोळ्यांसाठी 100 ग्रॅम बदाम, 50 ग्रॅम भोपळ्याच्या बिया, 40 ग्रॅम बिनसाखरेचा सुक्या खोबऱ्याचा कीस, बिया काढलेला 60 ग्रॅम खजूर, साखर न घातलेले 30 ग्रॅम पीनट बटर, अर्धा चमचा दालचिनी पूड आणि चिमूटभर मीठ घ्यावे. कच्चे पीठ, मग ते तांदळाचे का असेना, यात घालू नये. न शिजवलेल्या पिठात रोगजंतू असू शकतात.

बदाम आणि बिया कोरड्या तव्यावर मंद आचेवर चार-पाच मिनिटे परतून पूर्ण गार होऊ द्याव्यात. गरम असतानाच मिक्सरमध्ये घातल्या तर त्यांतून लवकर तेल सुटते आणि भरडीऐवजी लगदा हाती येतो. तेवढ्या वेळात खजूर दहा मिनिटे गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळून घ्यावा. मिक्सर सलग न चालवता थांबत थांबत फिरवावा आणि भरड जाड रव्याइतकी झाली की खजूर, पीनट बटर व उरलेले साहित्य घालून पुन्हा दोन-तीन वेळा फिरवावे.

आता मूठभर मिश्रण घट्ट दाबून पाहावे. मूठ उघडल्यावर बोटांचे ठसे उमटलेले दिसले तर ते तयार आहे. भुगा झाला तर एक चमचा पाणी घालावे, पण एका वेळी एकच. हाताला चिकटत असेल तर अधिक खोबरे घालण्याआधी पंधरा मिनिटे फ्रीजमध्ये ठेवून पाहावे, कारण बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागते. प्रत्येकी सुमारे 20 ग्रॅमचे गोळे वळून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावेत.

अशा एका गोळ्यात अंदाजे साडेतीन ग्रॅम साखर येते आणि तिच्यातील बहुतांश वाटा खजुराचा असतो. खजुराचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग साखरच असल्याने ‘नैसर्गिक गोडवा’ म्हणून तो सढळ हाताने घालणे मला पटत नाही, आणि त्याऐवजी मध घातल्यानेही साखर टळत नाही. मधुमेहाचे औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी एका वेळी किती गोळे खायचे हे आपल्या आहारतज्ज्ञांशी बोलून ठरवावे.

खोबरेल तेल घालून वड्या थापण्याचाही पर्याय आहे, मात्र ते सुमारे 24 अंश सेल्सिअसला वितळत असल्यामुळे त्या वड्या डब्यातून प्रवासाला नेण्यासारख्या नसतात. वरील गोळे मात्र प्रवासात टिकतात. हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये आठवडाभर ठेवावेत आणि खाण्याआधी दहा मिनिटे बाहेर काढावेत, म्हणजे दातांना टणक लागत नाहीत.