थायरॉईड आणि सकाळचं तापमान
सकाळी अंगाचं तापमान कमी भरलं की थायरॉईड ग्रंथी मंदावली, असं काहीजण मानतात. तापमान घ्यायचं ते डोळे उघडल्याबरोबर, अंथरुणातच. डिजिटल थर्मामीटर रात्रीच उशाशी ठेवा. काखेत घाम असेल तर पुसा आणि बीप वाजेपर्यंत हात अंगाशी घट्ट धरा. पाळीच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवसाचे आकडे वहीत लिहा, कारण बीजोत्सर्गानंतर (बीजांड बाहेर पडल्यावर) तापमान एरवीही ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढतं. रंकाळ्याला फेरी मारून आल्यावरचा किंवा चहानंतरचा आकडा बाद. कोल्हापूरच्या डिसेंबरात नुसतं पांघरूण सरकलं तरी काख गार पडते! त्यामुळे ९७.८ फॅरनहाइटच्या (सुमारे ३६.६ सेल्सिअस) खाली आकडा दिसला की थायरॉईडच, असं नव्हे. थकवा, वजनवाढ, अंगावरून जास्त जाणं यातलं काही असेल तर रक्तातलं टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं संप्रेरक) तपासून घ्या. थायरॉईडची गोळी चालू असेल तर वहीतल्या आकड्यांवरून डोस बदलू नका.