पोस्टग्रेस शिकायला पुस्तक घेताय? या चुका टाळा

पुस्तक घेताना आपण किंमत बघतो, जाडी बघतो, पण ते पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीवर लिहिलंय हे बघायचं राहून जातं. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती साधारण दरवर्षी येते आणि तिला पाच वर्षं दुरुस्त्यांचा आधार मिळतो. त्यामुळे ही चूक महागात पडते.

पुण्यात पुस्तकांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध असलेल्या अप्पा बळवंत चौकातून मी एक जुनं पुस्तक आणलं होतं. लिहिलेलं सुरेख, पण ९.६ या आवृत्तीच्या काळातलं. रेप्लिकेशनच्या (डेटाची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर ठेवण्याच्या) प्रकरणात सांगितल्याबरहुकूम 'रिकव्हरी डॉट कॉन्फ' फाइल बनवली आणि माझ्याकडच्या १२ व्या आवृत्तीवर सर्व्हर सुरूच होईना. दोन संध्याकाळी फाइलच्या परवानग्या तपासण्यात गेल्या. शेवटी लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला, तर ही फाइल आता चालत नाही असं त्यात स्वच्छ लिहिलेलं! २०१९ मध्ये आलेल्या १२ पासून त्या सेटिंग्ज मुख्य कॉन्फिगरेशन फाइलमध्ये गेल्या आहेत. म्हणून पुस्तकातलं उदाहरण अडलं, की आधी लॉग वाचा, मग आपल्या सर्व्हरची आवृत्ती पुस्तकाशी ताडून बघा.

नवशिक्यांना हल्ली हमखास अडवणारी गोष्ट म्हणजे पब्लिक स्कीमा, म्हणजे टेबलं ठेवायचा डेटाबेसमधला नेहमीचा कप्पा. जुन्या पुस्तकाप्रमाणे नवा युजर बनवला, टेबल बनवायला गेलात, की परवानगी नाकारली जाते. तुमचं काही चुकलेलं नसतं. १५ पासून नव्या डेटाबेसमध्ये ही परवानगी सगळ्यांना आपोआप मिळत नाही. त्या युजरला डेटाबेसचा मालक करा किंवा त्याच्यासाठी वेगळा स्कीमा बनवा.

पण एवढ्यावरून जुनं पुस्तक रद्दीत घालू नका. जॉइन, नॉर्मलायझेशन, ट्रॅन्झॅक्शन हे भाग आजही तितकेच उपयोगी आहेत. पार्टिशनिंग (मोठ्या टेबलचे तुकडे करणं) मात्र २०१७ च्या आधीच्या पुस्तकातून शिकू नका. १० मध्ये त्याची पद्धतच बदलली.

मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या पुस्तकावर भागेल असंही समजू नका. तिथे नावांभोवती लावतात ती उलटी अवतरणचिन्हं (`) इथे चालत नाहीत. आणि टेबलचं नाव दुहेरी अवतरणात कॅपिटल अक्षरांनी दिलंत, तर पुढे प्रत्येक क्वेरीत तसंच लिहावं लागतं, नाहीतर टेबल सापडतच नाही.

आणखी एक चूक मला फार खटकते: अधिकृत मॅन्युअल न उघडताच खरेदीला निघणं. ते फुकट आहे, प्रत्येक आवृत्तीचं वेगळं आहे आणि सुरुवातीचा शिकवणीचा भाग एका शनिवार-रविवारात होतो. तेवढं केलं की आपल्याला नेमकं काय येत नाही ते कळतं.

मग दुकानात अनुक्रमणिका उघडा. बॅकअप, रेप्लिकेशन, व्हॅक्यूम (टेबलांमधल्या जुन्या ओळींची साफसफाई) यांनीच अर्धं पुस्तक भरलं असेल, तर ते सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी आहे. ॲप्लिकेशन लिहिणाऱ्याने 'एक्स्प्लेन'चं, म्हणजे सर्व्हर क्वेरी कशी चालवणार ते दाखवणाऱ्या आज्ञेचं, प्रकरण उघडावं. क्वेरीचा प्लॅन नुसता छापून सोडलाय, की इंडेक्स का वापरला गेला नाही हे ओळीओळीने समजावलंय, ते बघावं. समजावलं असेल, तर पुस्तक घ्या.