काळ्या मातीची लिक्विड लिमिट आणि प्लास्टिक लिमिट कशी काढावी

बेसाल्ट खडकाच्या झिजेतून तयार झालेली दख्खनची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून खोल भेगा पाडते, कारण तिच्यातील माँटमोरिलोनाइट हे खनिज आपल्या थरांमध्ये पाणी ओढून घेते. बांधकामासाठी तिचा अंदाज घेताना पहिल्या ज्या चाचण्या केल्या जातात, त्यांपैकी दोन म्हणजे लिक्विड लिमिट (ज्या पाण्याच्या प्रमाणाला माती वाहू लागते ते) आणि प्लास्टिक लिमिट (ज्या प्रमाणाला माती वळताना तुटू लागते ते). त्यांची कृती भारतीय मानक २७२०, भाग ५ मध्ये दिलेली आहे. प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांचे सारे लक्ष उपकरणातील कपाचे ठोके मोजण्याकडे असते. प्रत्यक्षात उत्तर चुकते ते बहुधा त्याआधी, नमुना तयार करताना.

माती हवेवर वाळवावी, ओव्हनमध्ये नव्हे. भाजलेल्या मातीचा, विशेषतः सेंद्रिय अंश असलेल्या मातीचा, पाण्याला मिळणारा प्रतिसाद बदलतो आणि लिक्विड लिमिट कमी येते. ढेकळे लाकडी हातोडीने फोडून माती ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळावी आणि सुमारे १२० ग्रॅम घेऊन तीत डिस्टिल्ड वॉटर मिसळत घट्ट लगदा करावा. हा लगदा झाकून २४ तास ठेवावा. काळ्या मातीच्या बाबतीत ही पायरी टाळता येत नाही, कारण पाणी चिकणमातीच्या कणांत सावकाश मुरते, आणि तासाभरात उरकलेल्या चाचणीत आपण मातीचे नव्हे, तर अर्धवट भिजलेल्या गाठींचे मोजमाप करत असतो.

पुढचे काम कॅसाग्रांडे उपकरणाचे; यात मूठ फिरवली की मातीचा कप उचलला जाऊन तळावर आपटतो. वापरण्यापूर्वी कप बरोबर १० मिलिमीटर उचलला जातो की नाही, हे खाच पाडण्याच्या हत्याराच्या मुठीवरील ठोकळ्याने तपासावे. कपाच्या बुडाला सततच्या आपटण्याने एक चकाकणारा ठिपका पडलेला असतो. उंची मोजायची ती याच ठिपक्याखाली, कपाच्या कडेला नव्हे. लगदा पुन्हा नीट कालवून कपात पसरावा, मध्यभागी १ सेंटिमीटर जाडी राहील असा पृष्ठभाग सपाट करावा आणि हत्यार कपाला काटकोनात धरून मधोमध खाच पाडावी. सेकंदाला २ या गतीने मूठ फिरवत, खाचेच्या तळाशी दोन्ही बाजू १२ मिलिमीटर लांबीपर्यंत एकमेकींना भिडेपर्यंत ठोके मोजावेत. माती वाहत येऊन मिळाली पाहिजे. ती कपाच्या पृष्ठभागावरून सरकत आली असेल, तर ते वाचन सोडून द्यावे. रेताड मातीत हा प्रकार नेहमी घडतो.

खाच मिटली तेथूनच थोडी माती कॅनमध्ये घेऊन लगेच वजन करावे आणि १०५ ते ११० अंश सेल्सिअसला वाळवावे. समजा, रिकाम्या कॅनचे वजन २१.४० ग्रॅम, ओल्या मातीसह ३८.६० आणि वाळल्यावर ३१.७० ग्रॅम आले. तर पाणी ६.९० ग्रॅम, कोरडी माती १०.३० ग्रॅम आणि पाण्याचे प्रमाण ६७ टक्के होते. भागाकार नेहमी कोरड्या मातीच्या वजनाने करावा.

अशी किमान ४ वाचने १५ ते ३५ ठोक्यांच्या दरम्यान, २५ च्या दोन्ही अंगांना पडतील अशी घ्यावीत. सुरुवात घट्ट लगद्यापासून करून दर वेळी थोडे पाणी वाढवावे. लगदा पातळ झाला म्हणून वरून कोरडी माती घालू नये, कारण ती मुरलेली नसते. ठोके लॉग स्केलवर आणि पाण्याचे प्रमाण साध्या स्केलवर मांडून बिंदूंमधून सरळ रेषा काढली की २५ ठोक्यांसमोरचे प्रमाण म्हणजे लिक्विड लिमिट.

प्लास्टिक लिमिटला उपकरण लागत नाही, आणि म्हणूनच हाताहाताचा फरक तिच्यात जास्त पडतो. कणकेसारखा मळलेला सुमारे ८ ग्रॅमचा गोळा घेऊन काचेवर बोटांनी वळून ३ मिलिमीटर व्यासाची दोरी करावी. ती न तुटता वळली गेली, तर मातीत पाणी अजून जास्त आहे. पुन्हा गोळा करावा, मळावा, वळावा. ३ मिलिमीटरलाच दोरी तुटू लागेल तेव्हा तुकडे कॅनमध्ये टाकून पाण्याचे प्रमाण काढावे आणि ३ वाचनांची सरासरी घ्यावी. काळी माती या टप्प्याला येईपर्यंत बरीच आवर्तने घेते. घाई करणारे पहिली चीर दिसताच थांबतात आणि प्लास्टिक लिमिट फुगवून ठेवतात.

दोन्ही मर्यादांतील फरक म्हणजे प्लास्टिसिटी इंडेक्स. लिक्विड लिमिट ६६ आणि प्लास्टिक लिमिट २९ असेल, तर तो ३७ होतो. ए-लाइनवरील (प्लास्टिसिटीच्या आलेखात चिकणमाती आणि गाळमाती वेगळी करणाऱ्या रेषेवरील) किंमत ०.७३ × (६६ − २०), म्हणजे ३३.६ येते; आपला बिंदू तिच्या वर आणि लिक्विड लिमिट ५० च्या पुढे असल्याने भारतीय मानक १४९८ प्रमाणे ही माती ‘सीएच’, म्हणजे जास्त प्लास्टिसिटीच्या चिकणमातीच्या गटात बसते.

मात्र ‘सीएच’ म्हणजे फुगणारी माती, असे थेट म्हणता येत नाही. त्यासाठी फ्री स्वेल चाचणीची जोड द्यावी. चाळलेली, ओव्हनमध्ये वाळवलेली प्रत्येकी १० ग्रॅम माती दोन नळकांड्यांत, एकात डिस्टिल्ड वॉटर आणि दुसऱ्यात रॉकेल भरून, २४ तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, त्यामुळे तेथील आकारमान हा तुलनेचा पाया ठरतो. रॉकेलमध्ये १२ आणि पाण्यात २१ मिलिलिटर आकारमान झाले, तर वाढ ७५ टक्के. रस्त्याच्या भरावासाठी ५० टक्क्यांपुढची माती नाकारली जाते. इमारतीखाली काळ्या मातीचा थर पातळ असेल, तर पाया मुरमापर्यंत नेणे सोयीचे पडते. थर खोल असेल, तर अंडर-रीम्ड पाइल (खालच्या भागात कंदासारखा फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब) वापरतात आणि हंगामी फुगण्या-आकसण्याच्या पट्ट्याखाली जाण्यासाठी त्यांची लांबी जमिनीखाली किमान साडेतीन मीटर ठेवतात.