पासवर्ड विचारणारी आज्ञा स्क्रिप्टमधून चालवायची तर

एसएसएचला, म्हणजे दुसऱ्या यंत्रावर सुरक्षितपणे लॉगिन करून देणाऱ्या आज्ञेला, पाइपमधून पासवर्ड देऊन उपयोग नाही. तो स्टँडर्ड इनपुटवरून घेतला जात नाही, थेट टर्मिनलवरून वाचला जातो. असं खोटं टर्मिनल उभं करून देतं ते एक्स्पेक्ट, डॉन लिब्स यांनी लिहिलेलं, टीसीएल या स्क्रिप्ट-भाषेवरचं साधन. सर्व्हरवर एसएसएच-की (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल) ठेवता येत असेल तर हा खटाटोप करूच नका. खरी गरज पडते ती की न स्वीकारणाऱ्या जुन्या नेटवर्क स्विचसाठी.

अशा स्विचच्या कॉन्फिगरेशनचा बॅकअप घ्यायचाय असं धरू. 'स्पॉन'ने एसएसएच सुरू करा आणि 'एक्स्पेक्ट'ला पासवर्डच्या प्रॉम्प्टची वाट पाहायला लावा. नमुन्यात पहिलं 'पी' गाळा, कारण ते कुठे कॅपिटल असतं, कुठे स्मॉल. मग 'सेंड'. हे स्वतःहून एंटर दाबत नाही; शेवटी बॅकस्लॅश-आर तुम्हीच जोडायचा. बॅकस्लॅश-एन नको, कीबोर्डवरचं एंटरही आरच पाठवतं.

सगळ्यात जास्त घोळ टाइमआउटचा, म्हणजे एक्स्पेक्टने किती वेळ वाट पाहायची त्या मर्यादेचा. न सांगता तो १० सेकंद असतो, आणि वेळ संपली की स्क्रिप्ट थांबत नाही, मुकाट पुढच्या ओळीवर जाते. मग पासवर्ड भलत्याच ठिकाणी टाइप होतो, कधीकधी चक्क स्क्रीनवर दिसतो. म्हणून प्रत्येक एक्स्पेक्टमध्ये टाइमआउट आणि ईओएफ (समोरचा प्रोग्राम बंद झाला) अशा दोन शाखा ठेवा. दोन्हींत संदेश छापून एक्झिट १.

आत गेल्यावर लांब आउटपुट पानागणिक येणाऱ्या '--मोअर--' या ओळीपाशी अडतं. तिथे एंटरशिवाय नुसती स्पेस पाठवा आणि त्याच शाखेत एक्स्प-कंटिन्यू लिहा, म्हणजे तोच एक्स्पेक्ट पुन्हा वाट पाहू लागतो. टाइमआउटची मोजणीही त्याने नव्याने सुरू होते. नमुना 'मोअर' एवढाच द्या. सुरुवातीच्या आडव्या रेघांसकट दिलात तर एक्स्पेक्ट त्याला आज्ञेचा पर्याय (ऑप्शन) समजतं. प्रॉम्प्टसाठी नुसतं हॅश चिन्ह पुरत नाही, ते बॅनरमध्येही (लॉगिनच्या वेळी दिसणाऱ्या मजकुरात) सापडतं. हॅशच्या आधी स्विचचं नाव लावा. बॅकअप एक्स्पेक्टच्या बफरमधून (आलेला मजकूर तात्पुरता साठतो त्या जागेतून) उचलू नका: तो मुळात २००० बाइटचा, सुरुवातीचा मजकूर गळून जातो. 'लॉग-फाइल' ही आज्ञा वापरा.

पासवर्ड आर्गुमेंट म्हणून दिला तर पीएस या आज्ञेने निघणाऱ्या चालू प्रोग्रामच्या यादीत इतरांना दिसतो. तो वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी.

काही अडलंच तर एक्स्पेक्ट मायनस-डी लावून चालवा. आलेला मजकूर आणि तुमचा नमुना शेजारी-शेजारी दिसतात. बहुतेक वेळा एखादी जास्तीची स्पेसच निघते.